छप्पर कोणाचे, मीटर कोणाचे, कर्ज कोणाचे?

नांदेड शहरातून लातूरच्या रस्त्याला लागले आणि गोदावरी ओलांडली की विष्णुपुरी येते. येथे अडवलेल्या पाण्याला शंकरसागर असे नाव आहे आणि ते पाणी पंपांनी वर उचलून कालव्यांत सोडले जाते. म्हणजे या गावाला पाण्यासाठीही विजेचे ऋण आहे. १९८१ साली येथे श्री गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा परिसरही येथेच आहे आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयही. विद्यार्थी आणि रुग्ण आले की मागोमाग व्यापार येतो. वसतिगृहे, भोजनालये, औषधांची दुकाने, तपासणी प्रयोगशाळा, पुस्तके, कापड, भांडी. त्यांतील कितीतरी इमारती दुमजली-तिमजली असून तळमजल्यावर गाळे आणि वर भाड्याच्या खोल्या असतात. त्यांच्या गच्चीवर पाहावे तर पाण्याच्या टाक्या, मोडक्या खाटा आणि एखादा जाहिरातीचा सांगाडा. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा खाली वातानुकूलन यंत्रे धापा टाकत असतात आणि वर ऊन वाया जात असते.

हे ऊन वापरावे, दिवे-पंखे कमी विजेचे घ्यावेत, हे आता कोणाला समजावून सांगावे लागत नाही. व्यापारी बंधूंना हिशेब कळतो. तरीही आपल्या बाजारपेठांत, विष्णुपुरीत काय, नांदेडच्या मोंढ्यात काय किंवा लातूरच्या गंजगोलाईत काय, घरांवर जितक्या सहजतेने सौर पॅनेल चढली तितक्या सहजतेने ती दुकानांवर चढली नाहीत. कारण पैसा नाही, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. बँकेत आयुष्य घालवल्यानंतर माझे मत निराळे झाले आहे. पैसा मिळतो. अडते ते कागदावर. छप्पर एकाच्या नावे, मीटर दुसऱ्याच्या नावे आणि बिल भरणारा खिसा तिसऱ्याचा, अशी आपल्या व्यापारी इमारतींची रचना असते. ती गाठ सोडवल्याशिवाय कोणतीही योजना उपयोगाची नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करावा लागेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली’ योजनेतील ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. दुकान, गोदाम, दवाखाना, हॉटेल यांना ते मिळत नाही. ‘सरकारी सबसिडी मिळवून देतो’ असे सांगत कोणी विक्रेता दुकानाच्या पायऱ्या चढला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

आता वीजबिलाकडे वळू. वाणिज्य ग्राहकाच्या बिलात केवळ युनिटचा दर नसतो. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यांवर २१ टक्के वीज शुल्क असते. घरगुती ग्राहकाला हेच शुल्क १६ टक्के आहे. एक युनिट वाचले की त्याच्यावरचा वहन आकार आणि शुल्कही वाचते. स्थिर आकार मात्र वाचत नाही. तो मंजूर भारावर ठरतो. म्हणून ‘बिल शून्य होईल’ हे वाक्य दुकानाच्या बाबतीत खरे नसते. दुसरी गोष्ट वेळेची. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून दिवसाच्या वेळेनुसार दर लावण्याचे सूत्र ठरवले. त्यानुसार सौर तासांतील दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी, तर सर्वाधिक मागणीच्या तासांत वाणिज्य व औद्योगिक ग्राहकांना तो किमान १.२० पट असावा. १० किलोवॉटपेक्षा अधिक मागणी असलेल्या वाणिज्य ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ ही तारीख ठरवण्यात आली. याचा अर्थ व्यापाऱ्याने नीट ध्यानात घ्यावा. छपरावरचे पॅनेल जी वीज वाचवते ती दुपारची, म्हणजे स्वस्त होत चाललेली वीज आहे. विक्रेता आपल्या कोष्टकात संपूर्ण बिलाची सरासरी धरतो. आपण दुपारचाच दर धरावा आणि त्याचा आकडा आपल्याच ताज्या बिलावरून घ्यावा.

त्याआधी मात्र वीज कमी कशी लागेल ते पाहणे शहाणपणाचे. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० ते ३५. कापडाच्या दुकानात असे पंधरा-वीस पंखे दिवसाचे दहा-बारा तास फिरतात. दिव्यांच्या बाबतीत तर आपण एक मोठी क्रांती डोळ्यांदेखत पाहिली. केंद्राच्या ईईएसएल या कंपनीने मोठ्या प्रमाणावर एकत्रित खरेदी केली आणि एलईडी दिव्याचा खरेदी भाव २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला. त्या योजनेतील आणखी एक गोष्ट माझ्यातल्या बँकवाल्याला फार आवडली होती. ग्राहकाला दिवा रोख घेता येई किंवा दरमहा दहा रुपयांच्या हप्त्याने वीजबिलातून फेडता येई. बचत ज्या कागदावर दिसते त्याच कागदावर हप्ता. कर्ज फिटण्याची याहून सोपी खात्री कोणती?

सौर संचाचे गणित एका उदाहरणाने मांडतो. आकडे सोयीचे धरले आहेत. आपले घालून पाहावेत. समजा, विष्णुपुरीतील एका इमारतीवर सावली न पडणारी दोन हजार चौरस फूट गच्ची आहे. तेथे २० किलोवॉटचा संच बसेल. किलोवॉटला ५०,००० रुपये धरले तर खर्च १० लाख. आपल्या भागातील उन्हात एक किलोवॉट वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास देतो. म्हणजे २८,००० युनिट. युनिटमागे १० रुपयेच वाचले असे सावधपणे धरले तर वर्षाची बचत २ लाख ८० हजार. त्यातून धुलाई, देखभाल आणि विमा यांसाठी २० हजार काढून ठेवावेत. उरले २ लाख ६० हजार, महिन्याला साधारण २१,६००.

आता अडीच लाख स्वतःचे घालून साडेसात लाखांचे मुदत कर्ज साडेदहा टक्के व्याजाने घेतले असे समजू. पाच वर्षांची मुदत असेल तर हप्ता सुमारे १६,१०० रुपये येतो. बचतीतून हप्ता जाऊन वर साडेपाच हजार उरतात. तेच कर्ज तीन वर्षांचे घेतले तर हप्ता सुमारे २४,४०० होतो आणि दरमहा पावणेतीन हजार गल्ल्यातून घालावे लागतात. ‘कर्ज जितके लवकर फिटेल तितके बरे’ ही आपल्या घराण्यांतील शिकवण आदरणीय आहे, पण येथे तिचा अतिरेक नको. पंचवीस वर्षे चालणारी वस्तू तीन वर्षांत फेडण्याच्या हट्टापायी दुकानाचे खेळते भांडवल आटते. पाच ते सात वर्षांची मुदत घ्यावी आणि हाती पैसा आल्यावर आधी फेडावे. सूक्ष्म व लघु उद्योगांना व्यवसायासाठी दिलेल्या, व्याजाचा दर बदलता असलेल्या कर्जांवर १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकृत होणाऱ्या प्रकरणांत वाणिज्य बँकांनी मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत.

याहून मोठा धोका दुसराच आहे. व्यापाऱ्याच्या हाताशी कॅश क्रेडिटची मर्यादा असते. संचाचे दहा लाख त्यातूनच देऊन टाकण्याचा मोह होतो, कारण नवा अर्ज नको, नवी कागदपत्रे नकोत, एक धनादेश दिला की काम झाले. हा मोह टाळावा. कॅश क्रेडिट मालासाठी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीन मोंढ्यात येते आणि जानेवारीनंतर तूर. त्या दिवसांत आडत्याला आणि डाळ गिरणीवाल्याला रुपया रुपया लागतो. तेव्हा मर्यादेतील दहा लाख छपरावर जाऊन बसलेले असतात. त्यांवर व्याज चालू राहते आणि मूळ रक्कम कधी फिटत नाही, कारण कॅश क्रेडिटला हप्ताच नसतो. पुढे उचल करण्याची क्षमता मालसाठ्यावर मोजली जाते आणि पॅनेल हा मालसाठा नव्हे. दीर्घ मुदतीच्या वस्तूला दीर्घ मुदतीचा पैसा, हा वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा धडा आहे; पण मी तो भल्याभल्या पेढ्यांनी मोडलेला पाहिला आहे.

विक्रेत्याने आणलेले वित्तही तपासून घ्यावे. ‘केवळ आठ टक्के’ असे म्हणताना तो सरळ दर सांगत असतो. एक लाखावर पाच वर्षे आठ टक्के सरळ दराने व्याज लावले तर एकूण १ लाख ४० हजार फेडावे लागतात, हप्ता २,३३३ येतो, आणि घटत्या शिल्लकेवर मोजले तर तो दर १४ टक्क्यांच्या वर जातो. ‘शून्य टक्के’ असेल तर व्याज किमतीत दडलेले असते. रोखीचा भाव वेगळा मागून पाहिला की ते बाहेर येते. १ ऑक्टोबर २०२४ पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसोबत मुख्य तथ्य विवरणपत्र देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक टक्केवारी लिहिलेली असते. दोन ठिकाणची ही पत्रे शेजारी ठेवली की तुलनेला दुसरे काही लागत नाही.

तारणाविषयी थोडे. २ जुलै २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापारी प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरते सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांत गणले जातात आणि त्यांना उद्यम नोंदणी करता येते. अपारंपरिक ऊर्जेच्या प्रकल्पांसाठी दिलेली कर्जेही प्राधान्य क्षेत्रातच मोजली जातात. १ एप्रिल २०२५ पासून त्यांची मर्यादा एका कर्जदारामागे ३५ कोटी आहे. बँकेला आपले उद्दिष्ट गाठण्यासाठी असे कर्ज हवेच असते, हे ओळखून बोलावे. आठ-दहा लाखांच्या संचासाठी संच नजरगहाण ठेवणे पुरेसे असावे आणि बँक अधिक मागत असेल तर सीजीटीएमएसईच्या हमीविषयी विचारावे. त्या हमीचे वार्षिक शुल्क पडते, पण तिसऱ्याची मिळकत अडकत नाही. दहा लाखांसाठी वडिलोपार्जित दोन कोटींची पेढी गहाण टाकणे मला कधीही पटलेले नाही. आणि ती टाकायची म्हटले तरी ते सोपे नसते. येथूनच नावांचा गुंता सुरू होतो.

शाखेत असताना माझ्यापुढे आलेल्या एका प्रस्तावाची रचना सांगतो, कारण ती आपल्याकडील शेकडो घरांची आहे. दुकान दोन भावांच्या भागीदारी पेढीचे. इमारत वडिलांच्या हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावे. वीजमीटर आजोबांच्या नावे आणि आजोबांना जाऊन वीस वर्षे झालेली. बिल दरमहा वेळेवर भरले जात होते, त्यामुळे कोणालाच काही खटकले नव्हते. नेट मीटरिंगचा अर्ज मात्र ज्याच्या नावे जोडणी आहे त्या ग्राहकानेच करायचा असतो. दिवंगत माणसाला अर्ज करता येत नाही. नावात बदल करायचा तर मिळकतीचा हक्क दाखवावा लागतो. हक्क दाखवायला गेले तर वारसांची नोंद झालेली नाही, हे समोर येते. बँकेला गहाण हवे होते, म्हणून सर्व सहदायकांच्या सह्या लागणार. जैन कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही जन्माने सहदायक आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजीच्या निकालात ते निःसंदिग्ध केले. म्हणजे बार्शीला आणि जालन्याला दिलेल्या दोन बहिणींची संमतीही हवी होती. धाकटे बंधू म्हणाले, ‘साहेब, छपरावर काचा बसवायला ताईची सही कशाला?’ प्रश्न स्वाभाविक होता. उत्तर मात्र तेच होते.

त्या कुटुंबाने शेवटी काय केले, ते सांगण्यासारखे आहे. गहाणाचा विषय सोडून दिला. वारस नोंद करून मीटर पेढीच्या नावे घेतले. संच पेढीने स्वतःच्या नावे घेतला, बँकेने तोच नजरगहाण ठेवला. इमारतीच्या मालकीला धक्का न लावता कर्त्याने छपराच्या वापराची लेखी परवानगी दिली. बहिणींना बोलावून हे सर्व समजावून सांगितले गेले. सह्या लागणार नव्हत्या, तरी त्यांना विचारले गेले. मोठ्या ताई ठामपणे म्हणाल्या, ‘वाटणीच्या दिवशी हा संच पेढीचा धरायचा की इमारतीचा, ते आजच लिहून ठेवा.’ मी त्या घरात पाहिलेला तो सर्वांत उत्तम आर्थिक सल्ला होता.

करांचा विचारही याच नावांशी बांधलेला आहे. सौर संचावर आयकरात घटत्या मूल्यावर ४० टक्के घसारा मिळतो. दहा लाखांच्या संचावर पहिल्या वर्षी चार लाख, दुसऱ्या वर्षी उरलेल्या सहा लाखांवर दोन लाख चाळीस हजार. तीस टक्के कर भरणाऱ्या भागीदारी पेढीचा पहिल्या वर्षी सुमारे १ लाख २० हजारांचा कर त्यामुळे पुढे ढकलला जातो. परंतु ज्याची मालमत्ता आणि ज्याचा व्यवसाय, त्यालाच घसारा. संच वडिलांनी घेतला आणि वीज पेढीने वापरली, तर दोघांचाही दावा लंगडा होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर संच सुरू झाला तर त्या वर्षी १८० दिवस भरत नाहीत आणि घसारा निम्मा मिळतो. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेखाली विवरणपत्र भरणाऱ्या दुकानदाराला हा घसारा वेगळा मागताच येत नाही. तो त्या टक्केवारीत धरलेलाच मानतात. आडत-दलालीच्या उत्पन्नाला ती योजना लागू नाही, म्हणून आडत्यांचा प्रश्न निराळा. विजेचा खर्च कमी झाला म्हणजे नफा वाढला आणि त्यावर कर आला, ही बाजू विक्रेत्याच्या कोष्टकात मला आजवर दिसलेली नाही.

सौर साहित्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कापड, भांडी, औषधे विकणाऱ्याला भरलेल्या कराचे क्रेडिट घेता येते. मात्र ज्या कराचे क्रेडिट घेतले त्या रकमेवर घसारा मागता येत नाही. करमुक्त सुटे धान्य विकणाऱ्याला किंवा कंपोझिशनमधील दुकानदाराला हे क्रेडिट उपयोगी नाही. त्याने कर हा खर्चच समजावा.

भाडेकरू आणि मालक यांचा गुंता याहून अवघड. आपल्या जुन्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने असलेली दुकाने आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडे वर्षाला चार टक्क्यांनी वाढवता येते आणि मूळ भाडेच इतके अल्प असते की छपरावर पैसा घालण्यात मालकाला रस नसतो. भाडेकरूला रस असतो, पण छप्पर त्याचे नाही. खर्च एकाने करायचा आणि बचत दुसऱ्याची व्हायची, या कोंडीत जगभरच्या व्यापारी इमारती सापडल्या आहेत.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बर्कली नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तेथील नगरपालिकेने २००८ साली यावर एक युक्ती काढली. इमारतीवर सौर संच बसवण्यासाठी पैसा उभा करून द्यायचा आणि त्याची फेड मालकाच्या मालमत्ता कराच्या बिलात वीस वर्षे जोडून घ्यायची. कर्ज माणसावर नाही, मिळकतीवर. इमारत विकली तर उरलेले हप्ते नव्या मालकाकडे जातात, कारण संचही त्याच्याकडेच जातो. पुढे अनेक राज्यांनी ही पद्धत स्वीकारली. घरांच्या बाबतीत मात्र ती लवकरच अडचणीत आली. मालमत्ता कराची वसुली गृहकर्जाच्या आधी होते. म्हणजे मागाहून आलेले कर्ज आधीच्या बँकेच्या पुढे जाऊन उभे राहते. २०१० मध्ये तेथील गृहवित्त नियामकाने यालाच हरकत घेतली. व्यापारी इमारतींसाठी पद्धत टिकली, कारण तेथे आधी गहाण असलेल्या बँकेची लेखी संमती घेण्याची प्रथा पडली. मला यात बँकेची बाजू पूर्णपणे कळते. गहाणखत हाती असताना दुसरा कोणी रांगेत पुढे घुसलेला कोणत्या बँकेला चालेल?

आपल्याकडे महापालिकेचा मालमत्ता कर हा मिळकतीवरचा पहिला बोजा आहेच. पुणे महापालिका सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण, गांडूळ खत यांसाठी मालमत्ता करात ५ ते १० टक्के सवलत देत आली आहे. पण कराच्या बिलातून कर्ज फेडण्याची सोय आपल्याकडे नाही. तोवर जे त्या नगरपालिकेने कायद्याने केले, ते आपल्याला कराराने करावे लागेल. संच भाडेकरूने घ्यावा. मालकाने कर्जाच्या मुदतीहून दोन-तीन वर्षे अधिक काळासाठी छप्पर वापरण्याची परवानगी द्यावी. दुकान सोडताना संच काढून नेण्याचा हक्क, गच्ची दुरुस्तीला लागली तर काढण्या-बसवण्याचा खर्च कोणाचा, आणि इमारत विकली गेल्यास नव्या मालकावर हा करार बंधनकारक राहील, हे त्यात असावे. मालकाला वर्षाकाठी छपराचे काही भाडे द्यावे. दहा-पंधरा हजारांनी वर्षानुवर्षांचा अबोला सुटल्याचे मी पाहिले आहे. मात्र हा दस्त वकिलाकडून लिहून घेऊन नोंदवावा. शंभराच्या कागदावरची चिठ्ठी बँक मानत नाही. एका छपराखाली सहा गाळे आणि सहा मीटर असतील तर गच्चीची वाटणीही त्यात आखून घ्यावी, कारण साध्या नेट मीटरिंगमध्ये एक संच एका मीटरला जोडला जातो.

कंपनीने स्वतःच्या खर्चाने संच बसवायचा आणि आपण तिच्याकडून युनिटच्या भावाने वीज घ्यायची, असाही एक मार्ग आहे. मोठ्या डाळ गिरण्या, रुग्णालये, महाविद्यालये यांना तो सोयीचा पडतो. दहा-वीस किलोवॉटच्या दुकानाने त्यात पडू नये. करार पंधरा ते पंचवीस वर्षांचे असतात, भावात दरसाल वाढ लिहिलेली असते आणि दुपारची वीज स्वस्त होत गेली तर तो भाव महावितरणच्या दरालाही गाठू शकतो.

आपल्यापैकी अनेक जण समाजाच्या संस्थांचे विश्वस्त आहेत, म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहितो. मंगल कार्यालय, वसतिगृह, धर्मशाळा यांच्या छपरांवर संच बसवण्यासाठी न्यासाने कर्ज घ्यायचे ठरवले, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कार्यकारिणीचा ठराव पुरेसा नाही. संस्थेचे उत्पन्न करमुक्त असेल तर घसाऱ्याचा लाभही तिला नसतो. म्हणून संस्थांनी कर्जापेक्षा देणगीतून संच उभारावा, हे मला अधिक सरळ वाटते. एका किलोवॉटची एक देणगी, अशी पावती फाडली तर वीस कुटुंबांत काम होते. मात्र कार्यालयाचा वापर लग्नतिथींपुरता असेल तर संच लहान ठेवावा. वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव आपल्या बिलातील दराच्या मानाने फारच कमी असतो.

विम्याचे एक वाक्य. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. दुकानाच्या आगीच्या विम्यात संच आपोआप येत नाही. त्याची किंमत वेगळी नोंदवून गारा व वादळ यांचा उल्लेख पॉलिसीत करून घ्यावा. मोंढ्यातील पत्र्याच्या गोदामांनी त्याआधी सांगाडा तपासून घ्यावा. तुरीचा आणि कापसाचा धुरळा पॅनेलवर बसतो, तेव्हा पंधरवड्याला धुण्याची सोयही पाहावी.

राहिला प्रश्न घाईचा. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार एका ट्रान्सफॉर्मरवर त्याच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंतच छपरावरील संच जोडता येतात आणि संचाची क्षमता आपल्या मंजूर भाराच्या आत ठेवावी लागते. ज्या गल्लीत शेजारच्या रुग्णालयाने मोठा संच लावला, तेथे मागाहून येणाऱ्याला थांबावे लागू शकते. तेव्हा विक्रेत्याचे दरपत्रक मागवण्याआधी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन आपल्या ट्रान्सफॉर्मरवर किती जागा उरली आहे ते विचारावे. जाताना अलीकडचे वीजबिल सोबत न्यावे, आणि त्यावर नाव कोणाचे आहे ते घरून निघतानाच वाचून घ्यावे.